पट्टीवरचा आकडा

खोका आला तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. चौलचा एक खलाशी तो खांद्यावरून घेऊन आला, ओट्यावर ठेवला, तांब्याभर पाणी प्यायला आणि वडिलांनी काही विचारायच्या आत निघूनही गेला. वहिनी त्याच्या मागे बंदरापर्यंत धावत गेली. त्याने तिला एवढंच सांगितलं की मुंबईच्या गोदीत दुसऱ्या एका खलाशाने हा खोका त्याच्याकडे दिला, त्या खलाशाला तिसऱ्याने दिला होता, आणि पहिल्यांदा तो कोणी कोणाच्या हातात ठेवला ते त्याला ठाऊक नाही. खोक्यावर माझं नाव आणि रेवदंड्याचा पत्ता होता. अक्षर माझ्या भावाचं होतं.

भाऊ मालवाहू बोटीवर खलाशी होता. खोका भाद्रपदात आला. त्याआधी फाल्गुनात बोटीच्या कंपनीचं पत्र आलं होतं. ते इंग्रजीत असल्यामुळे वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. जपानच्या एका बंदरातून बोट सुटली तेव्हा हा इसम बोटीवर नव्हता, पुढे त्याचा ठावठिकाणा लागला नाही, असं त्यात होतं. वहिनीने मला ते तीनदा वाचायला लावलं. तीनदा वाचून अर्थ काही बदलला नाही.

गावाने मग आपल्या परीने अर्थ लावला. तिकडे त्याने घर केलं, एक बाई ठेवली, पोरंही झाली असतील. जपान कुठल्या दिशेला आहे हेही ज्यांना सांगता आलं नसतं, त्यांना त्या बाईचा रंगसुद्धा माहीत होता. वहिनी तळा गावाकडची, भातशेतीवाल्या घरातली. अंगाने किरकोळ, पण जिभेची तिखट. नळावर कोणी कुजबुजलं की ती घागर खाली ठेवून विचारायची, मोठ्यानं बोल की, मलाबी ऐकूदे. कपाळावर तिचं कुंकू रुपयाएवढं असायचं. ते पुसायला नवरा मेल्याची खबर नव्हती, आणि ते मिरवायला नवरा आपला असल्याची खात्री नव्हती. तिला जगाकडून एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्याच्या मनात परत यायचं होतं की नव्हतं?

खोका तिने उघडू दिला नाही. "ते येतील नि उघडतील," म्हणाली आणि माजघरात कोनाड्याखाली सरकवून ठेवला. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. शाळेत मी विज्ञान शिकवायचो आणि शनीची कडी मुलांना खडूने काढून दाखवायचो. एका पत्रात मी भावाला थट्टेने लिहिलं होतं की आमची शाळा एवढी गरीब आहे की आमच्या शनीलासुद्धा खडूचीच कडी आहेत. त्याला थट्टा कळायची नाही. कोणी काही नाही म्हणून सांगितलं की तो ते आणायला निघायचा.

खोका उघडला खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं एकूण एक हत्यार बाहेर काढतात. कोयते, पहार, कुदळ, विळी, वडिलांचे रंधे, सगळं चिंचेने आणि राखेने घासून, खोबरेल लावून पाटावर मांडायचं आणि झेंडू वाहून पुजायचं. घरात जेवढे पुरुष तेवढी हत्यारं असलीच पाहिजेत. माझ्या नावाने मी कंपासपेटी ठेवायचो, तीही पुजली जायची. त्या वर्षी पाट मांडून झाल्यावर वहिनी आत गेली आणि खोका ओढत बाहेर घेऊन आली. ह्यांच्या नावाचं पाटावर काहीच नाही, असं कसं चालेल, म्हणाली. भावाचा विषय निघाला की वडील भिंतीकडे तोंड करून बसायचे, तसेच आताही बसले.

मी खिळे काढले. आत त्याच्या सदऱ्यात गुंडाळलेली दुर्बिणीची पांढरी नळी होती. त्या सदऱ्याला कोळशाचा आणि त्याचा वास होता, तो एकदम ओटीवर आला. वहिनीने सदऱ्याच्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग परत पहिल्या. चिठ्ठी नव्हती. तिच्यासाठी त्या खोक्यात काहीच नव्हतं, आणि हे तिने मला तोडून बोलून दाखवलं. मी जणू काही चोरलंच होतं.

नळीखाली लाकडी तिपाई होती, आणि तिच्या डोक्यावर बसणारं लोखंड-पितळेचं एक अवजड प्रकरण. एक दांडा तिरका, दुसरा त्याला आडवा, एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकावर नळी बसवायची जागा. तिरक्या दांड्याच्या बुडाशी पितळेची एक कमानीसारखी पट्टी होती, तिच्यावर शून्यापासून नव्वदपर्यंत आकडे आणि एक बारीक काटा. समुद्राच्या हवेने सगळ्यावर गंज आणि हिरवट कळा चढली होती. अशा स्थितीत ते पाटावर कसं ठेवणार? मी पक्कड आणली आणि होते नव्हते तेवढे सगळे स्क्रू सैल केले. एक स्क्रू फार घट्ट होता, पट्टीजवळचा. त्याला मी खोबरेल सोडलं, पकडीला फडका गुंडाळला आणि दात खाऊन पिळला. तो सुटला तेव्हा तिरका दांडा धप्पकन खाली पडला. मला फार मर्दुमकी वाटली.

वहिनीने एकेक तुकडा चिंचेने घासला. ती पट्टी तर तिने इतकी घासली की सोन्यासारखी लखलखली. हे आकडे कशाला, असं तिने विचारलं. मी विज्ञानाचा मास्तर. म्हणालो, असतील कशाला तरी.

दसरा झाला आणि आभाळ निवळलं. आमच्या वाडीत माडांमुळे आभाळ दिसायचंच नाही, म्हणून दिवेलागण झाली की मी दुर्बीण किल्ल्याच्या तटाबाहेर वाळूवर नेऊन मांडायचो. तिपाई उचलायला वहिनी यायची. वडील यायचे नाहीत. खोक्यातलं माहितीपत्रक जपानी भाषेत होतं, पण त्यात आकृती होती, आणि आकृती दिसली की माझ्यातला मास्तर खूश. आम्ही आकृती हुबेहूब काढायला शिकलो आणि हुबेहूब काढायलाच शिकवलं. मी कंपासपेटीतला कोनमापक आकृतीवर ठेवला, तिरक्या दांड्याचा कोन पस्तीस भरला, आणि दुर्बिणीवर दांडा बरोबर पस्तीसला आवळला. कशासाठी पस्तीस, हे विचारायची सवय आम्हाला कोणी लावली नव्हती.

चंद्र दिसला. त्याच्यावरचे खड्डे पाहून वहिनीने नळीवरून डोळा काढला आणि परत लावला. देवी आलेल्या माणसासारखं तोंड हाय याचं, म्हणाली. पण तारे काही टिकेनात. या बैठकीची सगळी करामत अशी की एकदा तारा नळीत धरला की एकच दांडा हळूहळू फिरवत राहायचं आणि तारा जागच्या जागी राहायचा. माझा प्रत्येक तारा तिरका सरकत जायचा आणि कडेवरून नाहीसा व्हायचा. त्या वर्षी रशियाने आकाशात चंद्र सोडल्याचं पेपरात आलं होतं, आणि मला देवाने सोडलेला ताराही धरता येत नव्हता. मी जपानी मालाला शिव्या घातल्या. वहिनी नळीला डोळा लावून बसायची आणि सांगायची, गेला. थोड्या वेळाने पुन्हा, हाबी गेला. तिच्या आवाजात चेष्टा नसायची, आणि ते मला सहन व्हायचं नाही.

त्याचा सदरा तिने धुतला नाही. तो माजघरात खुंटीला टांगला होता. एकदा कंदिलाच्या उजेडात तो वाऱ्याने हलला आणि वडिलांनी अंथरुणातून विचारलं, आलास का? मी आणि वहिनी दोघांनीही ऐकलं. कोणीही ओ दिली नाही. त्यानंतर मला घरात आम्ही तिघे आहोत असं कधी वाटलंच नाही. जेवताना चौथं पान मांडत नव्हतो, तरी आम्ही त्याच्या जागेवर भांडंही ठेवत नव्हतो.

एक पावसाळा गेला. पुढच्या कार्तिकात शाळेच्या कामासाठी अलिबागला गेलो असताना तिथल्या वाचनालयात एक जुनं इंग्रजी पुस्तक हाती लागलं. त्यात माझ्या दुर्बिणीसारखीच आकृती होती आणि खाली साधी ओळ होती: जिथे उभे आहात तिथला अक्षांश पट्टीवर लावा आणि दांडा ध्रुवाकडे करा. मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. जपानी आकृतीतला पस्तीस हा जपानचा पस्तीस होता. मी वर्षभर रेवदंड्याच्या वाळूत उभा राहून जपानचं आभाळ शोधत होतो. शाळेचा नकाशा काढून पाहिलं, आपला आकडा साडेअठरा.

त्याच संध्याकाळी दांडा साडेअठरावर आणला. ध्रुव आमच्याकडे फार खाली, माडांच्या शेंड्यांच्या थोडा वर असतो. त्याच्याकडे दांडा केला आणि एक तारा धरला. तो हलला नाही. मी दांडा फिरवत राहिलो, तारा मधोमध. आनंदाने मला काय बोलू आणि काय नको असं झालं. मी वहिनीला पोरीसारखं हाताला धरून पट्टीजवळ बसवलं, कंदील वर केला आणि समजावून सांगू लागलो. ही पट्टी म्हणजे दुर्बीण कुठे उभी आहे त्याची खूण. जपानात बघणाऱ्याने पस्तीसवर लावायची, इथे बघणाऱ्याने साडेअठरावर. नुसता आकडा पाहूनही सांगता येतं की लावणाऱ्याच्या मनात कुठलं गाव होतं.

हे शेवटचं वाक्य मी का बोललो? आजही ते कानात वाजतं आणि माझं तोंड कडू होतं.

वहिनी पट्टीकडे बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "भावजी, खोका उघडला तवा काटा कुठं व्हता?"

मला तो घट्ट स्क्रू आठवला. एवढा घट्ट की तो कोणीतरी मुद्दाम, जोर लावून आवळलेला असणार. काटा पस्तीसवर असता तर भावाने दुर्बीण तिथेच लावली, नाहीतर तिला हातच लावला नाही. अठरावर असता तर त्याने ती घरासाठी लावून ठेवली होती, आपल्या वाळूत उघडायची म्हणून. बाकी सगळे साक्षीदार बंदराबंदरांत पांगले होते. हा एक काटा आमच्या माजघरात महिनाभर बोलायला तयार बसला होता, आणि आम्ही पूजेच्या नावाखाली त्याला घासून लख्ख केला. स्क्रू मी सोडला होता. मी पाहिलं नव्हतं, खरंच पाहिलं नव्हतं. हे तिला सांगायचं म्हणजे त्या आकड्यावर तिचाही हात फिरला होता हे सांगायचं. ते माझ्याने झालं नाही.

"अठरावर," मी म्हणालो. "साडेअठरावरच होता, वहिनी."

"नक्की?"

"नक्की. मला आठवतंय."

तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते दीड वर्षात दिसलं नव्हतं. ती खरंच सुंदर होती, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. यायचं मनात होतं, असं ती दोनदा स्वतःशीच पुटपुटली. मला वाटलं, एका खोट्याने एवढं होत असेल तर ते खोटं कसलं. मी तिपाई मिटवू लागलो. ती वाळूत तशीच बसून होती. मी शेवटचा पाय मिटवत होतो तेव्हा म्हणाली, "यायला निघालेला मानूस दीड वरीस वाटंत न्हाय रहात, भावजी."

हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. तो तिकडे राहिला म्हटलं असतं तर तो जिवंत होता. मी त्याला घराकडे निघालेला केला, आणि निघालेला माणूस पोचला नाही याचा अर्थ तिच्यापाशी एकच होता. माझ्या तोंडात शब्द होते. मला आठवत नाही, मी पाहिलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी दुर्बीण खांद्यावर घेतली आणि तिच्या मागून घरी आलो.

सकाळी तिचं कपाळ कोरं होतं. बांगड्या तिने स्वतःच उतरवून ठेवल्या होत्या, बायकांना बोलावलं नव्हतं. भटजींनी सांगितलं की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची रीत आहे. ती म्हणाली, जो यायचा नव्हता त्याची बारा वर्षं वाट बघा, माझा यायचा व्हता. वडिलांनी पहिल्यांदाच भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. तू शिकलेला आहेस, तुझी खात्री आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

भावाला मूल नव्हतं. दर्भाचा पुतळा केला, त्यावर तो सदरा पांघरला, आणि धाकटा भाऊ म्हणून अग्नी मी दिला. सदरा आधी पेटला. तो वास पुन्हा एकदा आला आणि गेला.

नंतर नळावर कोणी काही बोललं नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईला जे मिळत नाही ते विधवेला मिळालं, लोक तिला मान देऊ लागले. ती शांत झाली, वडिलांशी हसूनही बोलू लागली. आणि मी मात्र अलिबागची एसटी आली की नाक्यावर जाऊन उतरणारी माणसं बघू लागलो. शेवटचा माणूस उतरून दार लागेपर्यंत मी देवाचा धावा करायचो की यात माझा भाऊ नसू दे.