नदीला सिग्नल नाही

अण्णा कुठेही बस थांबवत तेव्हा आधी सावली बघत नसत, पाणीही बघत नसत. मान वर करून मोबाइलचा टॉवर शोधत. सरकारी कारखान्यात रेडिओची यंत्रं बनवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली, आत दोन बाकं आणि शेगडी बसवली, टपावर अँटेनासाठी घडीचा खांब लावला. जयनगरच्या आमच्या गल्लीत ती बस मावत नसे. शेजारी कुरकुरले की अण्णा म्हणत, "सरी सरी, बरं बाबा, उद्या निघतोच आहे."

आणि खरंच निघत, समोरच्या घरातल्या मला सोबत घेऊन. त्यांची थोरली बहीण अक्का बेळगावला असे. दृष्टी गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. रोज चार वाजता ती इंटरनेटवरून बोलायला येई आणि आम्ही जिथे असू ती जागा ऐके. मागाहून सांगितलेलं तिला चालत नसे. साधा फोन अण्णांना चालत नसे. "त्यात माणूस तेवढा ऐकू येतो, पाखरं नाही." समोर काय दिसतं ते मी सांगायचं. मी ग्रंथपाल होतो, बोलायला बिचकणारा. अण्णा म्हणत, "तुला शब्द येतात, मला तारा. दोघांचा मिळून एक माणूस होतो."

एकदा सकलेशपूरच्या बाजूला, हेमावतीच्या काठी, जागा मी निवडली. टॉवरच्या अगदी पायथ्याशी. तिथे इंटरनेट रखडायला लागलं. "अरे, हा लांबच्यांशी बोलतो. पायाशी बसलेला त्याला दिसत नाही," असं म्हणत अण्णांनी बस पलीकडच्या टेकडावर नेली, खांब चढवला आणि अँटेनाचं तोंड स्वल्प स्वल्प फिरवत राहिले. बरोबर चारला अक्का आली.

"नदी कुठं आहे रे? ऐकू येत नाही."

"खाली राहिली, अक्का. नदीला सिग्नल नाही," अण्णा म्हणाले.

"मग वर कशाला चढलास? मला टॉवर ऐकवायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून अण्णा फोन हातात धरून काठाकाठाने चालत होते. पाणी आणि सिग्नल दोन्ही मिळतील अशी जागा एका गोठ्यामागे सापडली. तिथल्या बाईंशी कानडीत बोलून त्यांनी बस आत घेतली. चारला अक्का आली आणि बराच वेळ गप्प राहिली. सिग्नल गेला असं वाटून मी हाक मारली.

"थांब रे," ती म्हणाली. "ऐकतेय."

अण्णा गेले त्याला आता चार महिने झाले. अक्काशी बोलायचं मी टाळत होतो. शेवटी तिनेच फोन केला.

"बस कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. पण मला त्या तारांतलं काही कळत नाही."

"त्याला तरी बोलण्यातलं काय कळत होतं? तू नीघ. मी चारला बसते."

काल शिमशेच्या काठावर मी तो खांब तीनदा चढवला आणि तीनदा उतरवला. चौथ्यांदा चढवला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मग तिचा श्वास ऐकू आला.

"उशीर केलास," अक्का म्हणाली. "सांग, कुठं आहोत आपण?"