ओर्लाच्या वाढदिवसाचा केक

हेगच्या त्या आंतरराष्ट्रीय शाळेत छोट्यांचा वर्ग म्हणजे वीप्के तेर्पस्त्रा बाईंचं संस्थान. जपानी, पोलिश, कुठकुठली चार वर्षांची पोरं, इंग्रजीचा गंध नाही. बाई शिंकण्याची, लंगडण्याची सोंगं करून त्यांना बोलतं करायच्या. अर्धा जन्म त्यातच गेला.

मग शेजारच्या, छोट्यांच्याच दुसऱ्या वर्गावर आयर्लंडची ओर्ला आली. टेबलाखाली रांगत शिकवायची. बाईंची पोरं मधल्या सुट्टीत तिकडे पळायची आणि येताना तिचा हेल घेऊन यायची! त्यात मुख्याध्यापक लाम्बर्टने जाहीर केलं, पुढच्या वर्षी छोट्यांचा वर्ग एकच. दोघींपैकी एकीने मोठी मुलं घ्यायची. बाईंच्या पोटात जे दुखू लागलं, ते डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं.

अशात ओर्लाचा वाढदिवस आला. आमच्याकडे हॉलंडात ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. परक्या पोरीला सांगायचं काम लाम्बर्टने बाईंवर सोपवलं होतं. बाई विसरल्या नाहीत हो. गप्प राहिल्या.

आमची दुसरी रीत म्हणजे वाढदिवस एकाचा, अभिनंदन सगळ्यांचं. सकाळपासून जो तो बाईंचा हात हलवतोय, "अभिनंदन वीप्के, ओर्लाच्या वाढदिवसाचं!" बाई गोड हसताहेत, आतून करपताहेत.

कॉफीला सगळे गोल करून बसले. टेबल रिकामं. ओर्लाही हसत दाराकडे बघतेय, आता केक येईल म्हणून!

"अगं, केक कुठाय?" गणिताच्या योस्टला कुठला धीर!

ओर्ला गोंधळली. लाम्बर्ट वळला. "वीप्के, तू हिला सांगितलं नाहीस?"

बाईंचा चेहरा पांढराफटक. ओर्लाने तो पाहिला आणि कपाळावर हात मारला. "सांगितलं होतं की हिने! माझंच डोकं फुटकं."

बाई तशाच उठल्या, कोट न घालता बेकरीत धावल्या, सफरचंदाचा केक घेऊन धापा टाकत परतल्या. लाम्बर्ट विरघळलाच.

"नवख्यांना सांभाळावं तर वीप्केनेच! मोठ्यांच्या वर्गात अर्धी मुलं नवखी, भेदरलेली. तो वर्ग तुझाच गं. छोटे ओर्लाकडे."

बाईंनी तोंड उघडलं. पण खरं सांगावं तर आपलंच बिंग फुटणार, कप्पाळ! ओर्लाने त्यांच्या बशीत सगळ्यात मोठा तुकडा ठेवला.

वर्ग गेला तो गेलाच, वर तिच्या नावाने बोटं मोडायची सोयही त्या कार्टीने ठेवली नाही. तरी घरी भांडी विसळताना बाईंनी थोडी बोटं मोडलीच म्हणे.