घासलेला ड्रम

पत्र्याच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं हवेच्या नळ्या जोडल्या, पण गल्लीत त्याला ओळखत ते ड्रमवाले म्हणून. तेलाचा रिकामा ड्रम त्याने घरी आणला, आतून जाळून साफ केला, आडवा ठेवून मधोमध कापला, बिजागऱ्या बसवल्या. एका टोकाला कोळशाची पेटी, दुसऱ्या टोकाला हातभर चिमणी, चिमणीच्या तोंडावर धूर कमी-जास्त करणारी फिरती चकती. मागच्या अंगणात, भिंतीपासून तीन फुटांवर, धुरावर मांस शिजवणारा तो ड्रम सव्वीस वर्षं उभा होता.

बनवला त्याने, चालवला बायकोने. ही वाटणी कुणी ठरवली नव्हती. ती लॉन्ड्रीत इस्त्रीला होती. तापलेल्या लोखंडाशी तिची जुनी ओळख. रविवारी ती झाकणावर ओल्या बोटांनी पाणी शिंपडायची, थेंबांची चरचर कान देऊन ऐकायची आणि चकती केसभर फिरवायची. पांढरा, दाट धूर आला की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "असला धूर मांस कडू करतो. धूर दिसायला नको, नुसता कळायला हवा." दोन दिवस मिठात मुरलेला तुकडा सात तासांनी बाहेर यायचा तो वरून काळपट, आत गुलाबी, बोट लावलं तरी सुटणारा. तो बाजूला खुर्ची टाकून आपल्या वेल्डिंगचं कौतुक करत बसायचा.

"अहो, ड्रम तुमचा चांगलाच आहे," ती म्हणायची, "पण एकदा नुसता ड्रम शिजवून बघा की."

मुलीने पहिल्या पगारातून याच कामासाठी दुकानातला स्मोकर आणला. विजेवरचा, लहान कपाटाएवढा, तापमानाचा आकडा दाखवणारा, लाकडाच्या ढलप्यांसाठी वेगळा खण असलेला. आई त्याच्याभोवती दोनदा फिरली. "फार शहाणा आहे गं हा. याला माझी गरजच नाही." पुढे त्यात कपड्यांचे चिमटे राहायला लागले.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. औषधांनी आधी भूक नेली, मग नाक उलटं केलं. जे वास आवडायचे तेच तिच्या अंगावर यायला लागले. तिची खाट मागच्या खोलीत होती, खिडकी अंगणात उघडणारी. ड्रम पेटत नव्हता, तरी दुपारी ऊन चढलं की आतलं चरबीचं, धुराचं जुनं, मुरलेलं काळं पुन्हा वास सोडायचं. तिला उलटी व्हायची. तो धावत जाऊन खिडकी लावायचा.

"तो वास काढा हो तिथला," ती म्हणाली. "एवढं करा माझ्यासाठी."

"करतो," तो म्हणाला, पण केलं नाही. ते काळं खरवडायचं म्हणजे ही पुन्हा तिथे उभी राहणार नाही, हे मान्य करायचं. त्याने ड्रमवर प्लास्टिक टाकलं आणि पाच महिने खिडकी लावत राहिला. ती गेली तेव्हाही खिडकी बंदच होती.

भेटायला येणारे येईनासे झाले, तेव्हा त्याने तारेचा ब्रश हातात घेतला. चार दिवस घासलं. बोटभर जाडीचं काळं कवच खपल्या-खपल्यांनी निघालं. दोन गोणी भरल्या, कचऱ्याच्या गाडीत गेल्या. मग उष्णता सोसणारा रंग आणून त्याने बाहेरून ड्रम रंगवला, चिमणी आणि चकतीसकट.

"ड्रमवाले, नवा घेतलात की काय?" वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं.

"नाही हो. जुनाच." ती गेल्यापासून चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला रात्री झोप लागली. उशिरा का होईना, शब्द पाळला होता.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. "बाबा, शनिवारी येते. मांस मिठात घालून ठेवा. आई करायची तसं करू. एकदा तरी."

ती आली, बॅग दारातच टाकून अंगणात गेली, झाकण उघडलं आणि डोकं आत घातलं. बराच वेळ ते बाहेर आलं नाही.

"बाबा, हे काय केलंत?"

"साफ केला."

"सगळा?"

"लोखंड दिसेपर्यंत," तो अभिमानाने म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून थांबला.

तिने चकती फिरवून पाहिली. "खूण कुठाय?"

"कसली खूण?"

"लाल ठिपका. मला शिकवताना आईने लावला होता. तो चिमणीच्या सांध्यासमोर आणायचा, मग धूर पातळ होतो."

हत्यारांच्या ड्रॉवरमध्ये, पाना आणि पक्कड यांच्यामध्ये, लाल नेलपॉलिशची एक बाटली असायची. तो चिडवायचा, "बाईसाहेब, नखं कधी रंगवणार?" बायको नुसती हसायची. कशासाठी, हे त्याने कधी नीट विचारलंच नव्हतं.

रविवारी सकाळी सहाला त्यांनी ड्रम पेटवला. चकती अंदाजाने फिरवली. धूर पांढराच येत राहिला. त्याने झाकणावर पाणी शिंपडून कान लावला. त्याला नुसतं पाणी ऐकू आलं. एक वाजता मांस बाहेर काढलं. मुलगी पहिला घास खूप वेळ चावत राहिली.

"चांगलं झालंय."

"खोटं बोलू नकोस."

तिने ताटली बाजूला सारली. "तिचा एवढा एकच वास उरला होता, बाबा! कपडे वाटून टाकलेत, मी काही बोलले का? पण हे कशाला?"

"तिनेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "उलट्या व्हायच्या तिला त्या वासाने. जिवंत होती तोवर माझ्याच्याने झालं नाही."

"मला तर फोनवर म्हणायची, बरी झाले की पेटवू."

"मलाही सकाळी तेच म्हणायची. दुपारी म्हणायची, वास काढा."

निघताना तिने त्याचा हात धरला. तारेच्या ब्रशाचे ओरखडे अजून भरले नव्हते. "दुकानातला वापरा, बाबा. निदान कडू होणार नाही."

"बरं," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी त्याने चरबीचा तुकडा घेऊन ड्रम आतून चोळला, कानाकोपऱ्यासकट, आणि कोळसे पेटवले. आत काही ठेवलं नाही. कोऱ्या लोखंडावर काळं चढायचं तर असं कितीदा तरी करावं लागतं. आधीचं चढायला सव्वीस वर्षं लागली होती. त्याचं वय एकोणसत्तर होतं.

"आज काय शिजतंय?" वरून काकूंनी विचारलं.

"ड्रम," तो म्हणाला.

वारा फिरला. धूर घराकडे वळला. तो खुर्चीतून उठला, भराभरा मागच्या खोलीत गेला, खिडकी ओढली, कडी घातली. मग वळून पाहिलं. खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली होती.

तो तिथे उभा राहिला. कडी मात्र त्याने काढली नाही.