पांढऱ्या भिंतीपुढची बहीण

कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, तळमजल्यावर जिन्याच्या पोटात, रिटर्न काउंटर होता. घेतलेला कपडा नको झाला की लोक तो तिथे आणत, आणि काउंटरवरची बाई तो परत घ्यायचा की नाही ते ठरवत असे. दुकानातले सगळे तिला एक्सरे म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. "अंगाला लावलासुद्धा नाही हो," असं कुणी म्हणालं की ती काही न बोलता कोट उलटा करी, काखेची शिवण नाकाशी नेई, खिसे चाचपी आणि कुणाच्या तरी लग्नात मिरवून आलेला तो कोट शांतपणे गिऱ्हाइकाकडे सरकवी.

वर्षानुवर्षं हेच केलेलं माणूस संध्याकाळी घरी जाताना डोळे दुकानात ठेवून थोडंच जातं? नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक, एकदम साधा. तो लवकर घरी आला तर हिला वाटे नोकरी गेली, उशिरा आला तर वाटे काहीतरी लपवतोय, आणि वेळेवर आला तर ही विचारी, "आज बरे वेळेवर?" तो हसून हातपाय धुवायला जाई.

एक्सरेला एक धाकटी बहीण होती. म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या एका संस्थेत नोकरी मिळाली म्हणून ती दूरच्या देशात गेली, आणि गेली ती आईचं खुब्याचं हाड मोडून नुकतंच ऑपरेशन झालं होतं तेव्हा. आई एक्सरेकडे राहिली. त्यावरून दोघींत भांडण असं झालं नाही. एक्सरे एवढंच म्हणाली होती, "जा तू. मी आहे ना." पण म्हणण्याचा सूर असा होता की धाकटीनं विमानतळावर मान वर केली नाही.

दर रविवारी दुपारी धाकटीचा व्हिडिओ कॉल येई. आईला फोनवरचं नीट ऐकू येत नाही, असं एक्सरे सांगे, म्हणून बोलणं दोघी बहिणींचंच. धाकटी कायम एका पांढऱ्या भिंतीपुढे बसलेली असे. थंडी किती, दुपारीच अंधार कसा पडतो, खोली किती एवढीशी, शेजारपाजारचं कुणी तोंड उघडत नाही, असं काहीबाही ती सांगे आणि एक्सरे तिची समजूत काढी. आईचं कसं काय, असं धाकटीनं विचारलं की ही म्हणे, "आहे तसंच. चालायचंच." खरं सांगायचं तर एक्सरेच्या आठवड्यातला तो सगळ्यात गोड वेळ होता. फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटे, का ते तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

एके दिवशी दुकानातल्या कॅशियर मुलीनं वर्तमानपत्राचं एक कात्रण जेवणाच्या खोलीत भिंतीला चिकटवलं. जगातल्या शहरांची सुखाप्रमाणे क्रमवारी लावली होती. पहिलं शहर धाकटीचं. यांचं शहर इतकं खाली होतं की त्यासाठी कात्रण उलटावं लागे, आणि ते चिकटवलेलं असल्यामुळे उलटताही येत नव्हतं. सगळे हसले. मॅनेजर म्हणाला की एक्सरेबाईंची बहीण म्हणजे सुखाच्या राजधानीतच राहते की.

एक्सरेनं विचारलं, "पण हे सुख मोजतात कसं?"

कॅशियर मुलीनं वाचून सांगितलं, की हवा, पाणी, दवाखाने वगैरे बघतात आणि मुख्य म्हणजे लोकांना विचारतात, तुम्ही दहापैकी किती सुखी?

"विचारतात?" एक्सरे म्हणाली. "आणि लोक सांगतात ते लिहून घेतात?" तिनं डबा बंद केला. "मग माझ्या काउंटरवर आजवर एकही कपडा कुणी वापरलेला नाही."

पण त्या दिवसापासून शंकेची पाल चुकचुकायला लागली ती थांबेना. अख्खं शहर सुखात न्हातंय आणि आपल्याच बहिणीच्या वाट्याला अंधार? एक तर पेपर खोटं बोलतो, नाहीतर बहीण. पुढच्या रविवारी ती फोनमध्ये चेहरा बघत नव्हती, माल तपासत होती. धाकटीचे गाल भरले होते. केस कुणीतरी नीट, झोकात कापलेले होते. भिंतीच्या कडेला एका लांब झाडूचा दांडा दिसत होता. झोपायच्या खोलीत झाडू कोण उभा करून ठेवतं? बोलता बोलता कुठून तरी एका पुरुषानं तिला नावानं मारलेली हाक ऐकू आली आणि धाकटीनं झटकन फोन पालथा घातला. पुन्हा दिसली तेव्हा म्हणाली, टीव्ही होता.

टीव्ही माणसाला नावानं हाक मारत नाही.

एक्सरेनं सुतावरून स्वर्ग गाठला. संस्थेतली नोकरी गेली असणार. कुणाच्या तरी घरी राबत असणार. घरमालक जवळपास असताना मोकळं बोलता येत नसणार. गाल भरलेत, म्हणजे सूज असेल. तिनं हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, सरळ विचार ना तिला."

"सरळ विचारल्यावर सरळ उत्तर देणारं एक माणूस दाखवा मला," ती म्हणाली.

तिनं जमवाजमव केली, रजा टाकली आणि धाकटीला सांगितलं की मी येतेय. धाकटीचा चेहरा पडला तो लपला नाही. आत्ता नको, फार थंडी आहे. जागा नाही. रजा मिळणार नाही. तुला प्रवास झेपायचा नाही, आईकडे कोण बघेल? एकेक कारण येत गेलं तशी एक्सरेची खात्री पटत गेली. इतकी कारणं देणारं गिऱ्हाईक तिनं कधी सोडलं नव्हतं.

विमानतळावर धाकटी आली होती, आणि तिच्या मागे एक उंच, पिकल्या दाढीचा माणूस हातमोजे चोळत उभा होता. धाकटीनं ओळख करून दिली, "ताई, हा सुतार आहे. म्हणजे सुतारकाम करतो. आम्ही एकत्र राहतो." माणसानं एक्सरेची बॅग उचलली. एक्सरेनं त्याच्या तोंडाचा वास येतो का ते बघितलं. नुसता लाकडाचा वास येत होता.

घर तळ्याकाठी होतं. मोठमोठ्या खिडक्या, खालून तापवलेली लाकडी जमीन, मागे सुताराचं शेड. धाकटी आठवड्यातून मोजकेच दिवस कामावर जाई, सकाळी तळ्यात पोहून येई आणि संध्याकाळी कधी शेजारच्या बायकांबरोबर गात बसे. शेजारचं कुणी तोंड उघडत नाही म्हणाली होती, तेच शेजारी पहिल्याच दिवशी केक घेऊन ताईला बघायला आले. एक्सरे सगळ्यांकडे बघून हसली आणि मनात म्हणाली, कुठेतरी पाणी मुरतंय.

मग तिनं घर तपासायला घेतलं. धाकटी कामावर गेली की ती औषधांचं कपाट उघडे, पलंगाखाली वाके, पडद्यांची शिवण बघे. सुतार बाटल्या कुठे लपवतो ते शोधायला शेडमध्येसुद्धा जाऊन आली. त्याला वाटलं हिला लाकूडकामात रस आहे. त्यानं हौसेनं तिला सगळी अवजारं दाखवली, आणि तिला एकाही अवजारात काही सापडलं नाही.

सापडली ती एक खोली. स्वयंपाकघराच्या मागे, दार ओढून घेतलेली, अडगळीची. बादल्या, फडकी, लांब दांड्याचा झाडू, आणि एक पांढरी भिंत. भिंतीपुढे एक छोटं स्टूल होतं. एक्सरे त्या स्टुलावर बसली. समोरच्या फळीवर फोन टेकवायला एक डबा ठेवलेला होता. धाकटी घरी येईपर्यंत ती तिथून उठली नाही.

धाकटीनं दार उघडलं आणि ताईला स्टुलावर बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"इथे बसून फोन करतेस मला?" एक्सरेनं विचारलं.

"हो."

"एवढं घर असताना?"

धाकटीनं आत येऊन दार ओढून घेतलं.

"मी तिकडे जिवाला घोर लावून घेत होते. मला वाटलं तुला कुणी कोंडून ठेवलंय. का फसवलंस मला?"

धाकटीनं एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. मग हळूहळू सांगायला लागली. पहिल्या वर्षी, नोकरी लागून थोडे दिवस झाल्यावर, तिनं फोनवर एकदा अगदी भरभरून सांगितलं होतं, की ताई, इथे सकाळी उठल्यावर मला बरं वाटतं, असं कधी वाटलं नव्हतं. "तू काय म्हणालीस आठवतं? म्हणालीस, चैन आहे बाई तुझी. मला आईला पुसून काढायचंय, ठेवते. त्यानंतर कित्येक रविवार तू फोन घेतला नाहीस. मग एकदा मी रडत फोन केला. पाय घसरून पडले होते, हात मुरगळला होता. तेव्हा तू तासभर बोललीस. मला त्या दिवशी माझी ताई परत मिळाली. मग मी ठरवलं, की बहीण हवी असेल तर रडगाणं गायचं."

एक्सरेच्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द आले ते भलतेच. "मला काय ठाऊक तू खरं बोलतेयस," ती म्हणाली.

"तू सांग मग खरं," धाकटी म्हणाली. "आई कशी आहे?"

इतकी वर्षं समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघणारी एक्सरे त्या दिवशी फडक्यांकडे बघत राहिली. आहे तसंच, हे शब्द ओठावर आले होते. ते तिनं गिळले.

"बरी आहे."

"बरी म्हणजे?"

"म्हणजे चालते. काठी कधीच सुटली. खालच्या मजल्यावर रिटायर झालेल्या मास्तरीणबाई आहेत, रोज दुपारी त्यांच्याकडे पत्ते खेळायला जाते. तू रविवारी फोन करतेस तेव्हासुद्धा ती तिथेच असते."

धाकटी उठून उभी राहिली. "मी रोज सकाळी पोहताना आईला डोळ्यांपुढे आणते, पलंगावर पडलेली. रोज. आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू सुटली असतीस," एक्सरे म्हणाली. बोलून गेली आणि मग तिचं तिलाच ते ऐकू आलं.

धाकटी दार आपटून बाहेर गेली. कोट न घालता तळ्याकडे चालत गेली ती खिडकीतून दिसली. सुतारानं काय झालं ते विचारलं नाही, विचारलं असतं तरी हिला कळलं नसतं. तो कोट घेऊन धाकटीच्या मागे गेला, कोट देऊन एकटाच परत आला आणि त्यानं एक्सरेपुढे चहाचा मग ठेवला. मग शेडमध्ये नेऊन तिला एका फळीचं टोक धरायला दिलं. ती धरून उभी राहिली. रंधा फिरत होता, कपच्या तिच्या चपलांवर पडत होत्या. या माणसात खोट शोधायची तर खूपच वेळ लागेल, असं तिला वाटलं. कदाचित एवढी रजा पुरायची नाही.

अंधारून यायच्या सुमाराला धाकटी परतली. नाक लाल, केस विस्कटलेले.

"आई पत्ते खेळते?" तिनं विचारलं.

"खेळते. आणि लबाडी करते. मास्तरीणबाई बिचाऱ्या मूग गिळून बसतात."

धाकटी हसली, आणि हसता हसता रडायला लागली. एक्सरेनं फळी सोडली नाही, कारण रंधा अजून चालू होता. पण तिचेही डोळे भरले. सुतारानं दोघींकडे बघून हातातलं काम थांबवलं.

जेवताना धाकटीनं विचारलं, "आणि तू, ताई? तू कशी आहेस?"

एक्सरेला आधी वाटलं, ही आता माझी उलटतपासणी घेतेय. मग म्हणाली, की माझे पाय दुखतात, घरात दुपारी ऊन येत नाही, हे शांत बसतात त्याचा राग येतो. आणि मग कुणाची तरी चहाडी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "मला माझं काम फार आवडतं गं. एखादा साहेब अगदी ऐटीत खोटं बोलत असतो आणि मी त्याच्या खिशातून नाटकाचं तिकीट काढून काउंटरवर ठेवते ना, तेव्हा माझा सगळा दिवस छान जातो."

"हे तू मला कधीच बोलली नव्हतीस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"मला?"

"म्हणजे मला वाटायचं, की मी दुःखात आहे असं तुला वाटत राहावं." ती बशीत बघत राहिली. धाकटीनं तिला आणखी वाढलं.

राहिलेले दिवस सगळे काही गोडीगुलाबीचे गेले नाहीत. मध्येच धाकटीला आठवे आणि ती फुरंगटून पोहायला जाई. एक्सरेला क्रमवारीतल्या त्या पहिल्या शहरात जागोजागी न पटणाऱ्या गोष्टी दिसत होत्या. एवढे शांत लोक बसमध्ये बघून तिला वाटे, यांनी नक्की काहीतरी केलंय. पण एके सकाळी धाकटीनं तिला तळ्यात गुडघाभर उतरवलं. पाणी इतकं गार होतं की शंका घ्यायला मन जाग्यावर राहिलं नाही, आणि दोघी शाळकरी पोरींसारख्या किंचाळत बाहेर पळाल्या.

दुकानात परतल्यावर कॅशियर मुलीनं विचारलं, की खरंच सुखी आहेत का तिथले लोक? एक्सरे म्हणाली, सगळ्यांचं सांगता येणार नाही, एका बाईची खात्री करून आलेय.

पुढच्या उन्हाळ्यात धाकटी आणि सुतार येऊन आईला चार महिन्यांसाठी घेऊन गेले. मास्तरीणबाई म्हणाल्या, आता मला जरा विश्रांती मिळेल. आईला विमानतळावर सोडून एक्सरे आणि तिचा नवरा घरी आले तेव्हा भरदुपार होती. पलंग आवरलेला होता. करायचं असं काहीच नव्हतं. नवऱ्यानं विचारलं, पडतेस का जरा? ती आडवी झाली, आणि किती तरी वर्षांनी दुपारी गाढ झोपली.