तारांकित खोडा

"सर, मुंबईहून एलएक्यू आलाय. उद्या बाराच्या आत उत्तर पाठवा म्हणायलेत," मुळेबाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या. "सकाळची गोळी घेतली का तुमी?"

"गोळीचं काय मध्येच?"

"बीपीची. कारवाईचा प्रश्न हाय."

मुळेबाई आमच्या परभणीच्या ऑफिसातल्या सीनियर क्लार्क. मी पेशाने जनावरांचा डॉक्टर. उमेदीची सगळी वर्षं गोठ्यांमधून काढली आणि निवृत्ती जवळ आल्यावर मला उचलून जिल्ह्याच्या ऑफिसात बसवलं. तिथे माझ्याकडे जी कामं आली त्यातलं एक म्हणजे हे एलएक्यू.

एलएक्यू म्हणजे आमदाराने सरकारला विचारलेला लेखी प्रश्न. ज्याच्यापुढे तारा छापतात तो तारांकित. त्याला मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर आमदार उपप्रश्न विचारू शकतात. वेळ संपली आणि प्रश्नाचा नंबर लागला नाही, तर उत्तर नुसतं छापून मोकळे होतात. प्रश्न मुंबईत विचारला जातो, उत्तर मंत्र्यांच्या नावावर जातं. पण ते उत्तर पहिल्यांदा लिहितो तो माझ्यासारखा कोणीतरी, पंख्याखाली उडणारे कागद एका हाताने दाबून.

मी प्रश्न वाचला. आपल्या जिल्ह्यातल्या अमुक गावात पशुवैद्यकीय दवाखान्याची नवी इमारत बांधून पूर्ण होऊनही ती कुलूपबंद असून पशुपालकांची गैरसोय होत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, याप्रकरणी चौकशी करून जबाबदार अधिकाऱ्यांवर कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? सोबत एक फोटो होता. नवी कोरी इमारत, पिवळा रंग आणि दाराला हे एवढं कुलूप.

गावाचं नाव मी लिहीत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. गंगाखेडच्या पुढे, राणीसावरगावच्या अंगाला आहे एवढं पुरे. तिथली डॉक्टर होती आरती. पहिलीच नेमणूक, अजून प्रोबेशनवर. प्रोबेशन म्हणजे नोकरी पक्की व्हायच्या आधीचा काळ. या काळात कागदावर एक वाकडी ओळ आली की पुढची वर्षं ती निस्तरत बसावी लागतात. तिची फाइल त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसच्या प्रमुखांच्या, म्हणजे साहेबांच्या सहीसाठी जायची होती. प्रश्नात "जबाबदार अधिकारी" असं लिहिलं होतं आणि त्या दवाखान्यात अधिकारी म्हणून ती एकटीच होती.

तिला फोन लावला. "सर, मी रोज येते हो," ती म्हणाली. मागे म्हैस ओरडत होती. "आत्ता पण केसच करायलेय. इमारतीला कुलूप आहे, ते पण खरं आहे. तुम्ही येऊन बघाल का एकदा?"

तोवर मुळेबाईंनी उत्तर तयारही करून आणलं होतं. आमच्या ऑफिसात याची एक पद्धत होती. मागच्या अधिवेशनाचं उत्तर काढायचं, गावाचं नाव बदलायचं आणि पाठवून द्यायचं. त्यामुळे आमची सगळी उत्तरं सख्ख्या भावंडांसारखी दिसायची. हेही तसंच होतं. (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

"बाई, फोटोत कुलूप दिसतंय."

"सर, आजपर्यंत आपण एकदा तरी 'खरं हाय' असं लिवलंय का? साहेब सही तरी करतील का त्याच्यावर?"

साहेबांकडे गेलो. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त भित्रा होता. मुंबईचा फोन आला की खुर्चीतून उठून बोलायचा. "'खरे नाही' पाठवा," साहेब म्हणाले. "आणि त्या मुलीला एक नोटीस काढून ठेवा. उद्या कुणी विचारलं तर आपण काहीतरी केलं असं दिसलं पाहिजे."

दवाखाना बंद नाही असं सरकारला सांगायचं आणि बंद का ठेवला म्हणून पोरीला विचारायचं. माझं डोकंच फिरलं. पण साहेबांपुढे फिरलेलं डोकं उपयोगाचं नसतं. "जागेवर जाऊन येतो, मग बघू," एवढंच बोललो आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

गावात शिरलो तर बाजारतळावर जुन्या चिंचेखाली ही गर्दी. लाल कंधारी गायी, म्हशी, एक चिडलेला गोऱ्हा. मध्ये जुना सागवानी खोडा. खोडा म्हणजे जनावर उभं करायची चौकट. चार खांब आणि आडव्या दांड्या. जनावर आत घेतलं, मागची दांडी लावली की त्याला ना मागे सरता येतं ना लाथ झाडता येते. गाभण आहे का ते तपासायचं, इंजेक्शन द्यायचं, जखम शिवायची, सगळं खोड्यात. खोड्याशिवाय ही कामं करणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. त्यातले दोघे अजून लंगडतात.

आरतीचा हात खांद्यापर्यंत गायीच्या आत होता. मला पाहून ती म्हणाली, "नमस्कार करता येत नाही, सर." मग गायीच्या मालकाकडे वळली. "गाभण आहे, मामा. जपा आता." म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून परत नीट घातली. त्याचा आनंद दाखवायची ती तऱ्हा असावी.

नंतर तिने मला नवी इमारत दाखवली. तिचे हात माखलेले, म्हणून कुलूप मीच काढलं. आत फरशी, कपाट, कॉम्प्युटरचं टेबल, खिडक्यांना जाळ्या, दारात उतार, सगळं झकास. मागच्या आवारात गेलो. आवार मोकळं. खोडाच नव्हता.

"मी दोनदा पत्र दिलं सर," आरती म्हणाली. "इमारत बांधणारे म्हणतात, खोडा म्हणजे साहित्य, तो साहित्यवाल्यांनी द्यायचा. साहित्यवाले म्हणतात, तो जमिनीत पुरायचा असतो, म्हणजे ते बांधकाम झालं."

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. जनावरांच्या दवाखान्याचा नकाशा माणसांच्या दवाखान्यावरून काढलेला. नकाशा काढणाऱ्याला पेशंट खुर्चीत बसणार असं वाटलं असणार.

"जुना खोडा इकडे का नाही आणला?"

"खांब जमिनीखाली कुजलेत. उपटले की मोडणार. मग इथेही नाही आणि तिथेही नाही. म्हणून मी तिकडेच काम करते आणि इथे कपाटं आहेत म्हणून कुलूप लावते."

तेवढ्यात मारोतराव आले. गावचे माजी सरपंच. फोटो त्यांनीच आमदारांना पाठवला होता, हे मला जीपच्या ड्रायव्हरने येतानाच सांगितलं होतं. मी भांडायच्या तयारीतच होतो.

"तुम्ही तक्रार केली?"

"व्हय, केली," मारोतराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी भिंतीतल्या पाटीकडे बोट केलं. "ही जागा आमच्या बापानं दवाखान्याला दिलेली हाय. मरायच्या आधी रोज इचारायचा, दवाखाना झाला का म्हणून. आता झाला तर त्याच्या नावाच्या पाटीम्होरं कुलूप लटकायलंय. येता जाता मला दिसतंय, सायेब. जीव बेजार हुतो."

माझा राग तिथेच विरला. "पण डॉक्टरवर कारवाई मागितलीत तुम्ही. तिची नोकरी अजून पक्की नाही."

मारोतराव दचकलेच. "कोण म्हणतंय? आमी म्याडमचं नाव बी काढलं न्हाई. लय गुणाचं लेकरू हाय. पावसापाण्यात बोलावलं तरी येतंय. आमची तक्रार कुलपावर हाय, त्यांच्यावर न्हाई."

"प्रश्नात तसं लिहिलंय."

"ते तिकडं मुंबईत लिवलं आसंल. आमी निस्ता फोटो धाडला." मग आरतीकडे वळून ते म्हणाले, "बाई, माज्यामुळं तुमाला हकनाक तरास झाला का?" आरतीचे डोळे भरून आले होते आणि हात अजून माखलेले होते, त्यामुळे तिला ते पुसताही येईनात.

त्यांचंही बरोबर होतं. प्रश्नांचे पण साचे असतात. "जबाबदारांवर कोणती कारवाई केली" ही ओळ प्रत्येक प्रश्नात येते, जशी आमच्या प्रत्येक उत्तरात "उद्भवत नाही" येते. दोन साचे एकमेकांशी बोलत होते आणि मध्ये एक पोरगी भरडली जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः उत्तर लिहिलं. (१) हे खरे आहे. नवीन इमारतीत खोडा नसल्याने उपचार जुन्या जागी नियमित सुरू आहेत. (२) यात पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची कोणतीही कसूर नाही. (३) खोडा बसविण्याची कार्यवाही सुरू आहे.

साहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "पहिल्याच ओळीत 'खरे आहे'? अहो, असं लिहितात का? सगळे मिळून माझ्या मागे लागतील."

"साहेब, आमदारांकडे फोटो आहे. मंत्र्यांनी 'खरे नाही' म्हटलं आणि आमदारांनी सभागृहात फोटो वर धरला, तर मंत्री कुणाला फोन करतील?"

साहेब फोनकडे बघत राहिले. त्या कल्पनेनेच ते अर्धे उठले होते.

"आणि ही कार्यवाही सुरू आहे म्हणता, ती कुठे सुरू आहे?" त्यांनी विचारलं.

"इथे," मी म्हणालो आणि दुसरा कागद पुढे केला. खोड्याचा प्रस्ताव. मुळेबाईंनी तो उत्तराच्याही आधी टाइप केला होता. पाइपचा खोडा, काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला, दवाखान्याच्या किरकोळ दुरुस्तीतून. म्हणजे तो साहित्य की बांधकाम हा वादच नको. "आधी याच्यावर सही करा. मग उत्तरातलं सगळंच खरं होतं."

साहेबांनी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा वाचले. मग सही केली, आधी प्रस्तावावर, मग उत्तरावर. "ती नोटीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"कसूर नाही असं आपण सरकारला आत्ताच कळवलंय, साहेब."

"मग राहू द्या," साहेब म्हणाले आणि सुटल्यासारखे खुर्चीत टेकले. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी साहेब आवडले.

दुपारी मंत्रालयातून फोन आला. उत्तरं तपासणारे अधिकारी होते. "तुमचं उत्तर वाचलं. हा खोडा नाही म्हणून आख्खा दवाखाना बंद? काहीतरीच काय."

"साहेब, तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे जाता. तिथे खुर्ची नसली तर?"

"स्टुलावर बसू. चालवून घेऊ."

"आणि पेशंटला शिंगं असतील तर?"

तिकडे ते मोठ्याने हसले. "बरं, बरं. पण 'हे खरे आहे' असं सरळ कसं छापायचं? बघतो मी."

प्रश्नाचा नंबर सभागृहात लागलाच नाही. उत्तर छापून आलं. मुळेबाईंनी ते मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरलं. "(१) हे अंशतः खरे आहे." पुढचं सगळं माझं जसंच्या तसं होतं. कसूर नाही, हेही. संध्याकाळी आमदारांच्या पीएचा फोन आला. "सर, आमचे साहेब विचारायलेत, 'खरे नाही' असं न लिहिता उत्तर आलंय, छपाईची चूक तर नाही ना?" मी म्हणालो, चूक नाही, साहेबांना माझा नमस्कार सांगा.

एकदा सरकारने छापून दिलं की कार्यवाही सुरू आहे, की मग ती सुरू ठेवावीच लागते. पुढच्या अधिवेशनात तोच आमदार विचारू शकतो, झाली का म्हणून. ही भीती मोठी कामाची असते. आमच्या साहेबांनी स्वतः फोन करकरून खोडा बसवून घेतला.

उद्घाटनाला मीही गेलो होतो. मारोतरावांनी खोड्याला हळदकुंकू वाहिलं, बापाच्या पाटीला हार घातला आणि आपला बैल आणून उभा केला. बैल काही आत जाईना. कासऱ्याला हिसडा देऊन बाजारतळाकडे निघाला, चिंचेखालच्या जुन्या खोड्याकडे. त्याला तेवढाच दवाखाना माहीत होता. गाव पोट धरून हसलं. शेवटी आरतीने पुढे कडब्याची पेंढी धरली आणि गोड बोलत बोलत त्याला आत घेतलं. मागची दांडी मारोतरावांनी लावली.

"बापानं हे बगायला पायजे होतं," ते म्हणाले आणि उपरण्याने नाक पुसलं.

त्याच महिन्यात साहेबांनी आरतीच्या फाइलवर "काम समाधानकारक" असं लिहून सही केली. तिची नोकरी पक्की झाली. पेढे घेऊन ऑफिसात आली तेव्हा मुळेबाईंनी तिचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही.

मी आता निवृत्त आहे. मुळेबाई अजून तिथेच आहेत आणि जुनी उत्तरंही कपाटात आहेत. पण प्रश्न आला की त्या आधी नव्या साहेबांना विचारतात म्हणे, "सर, कुणी जागेवर जाऊन येणार हाय का, का मी काढू जुनं?"

राहता राहिलं ते "अंशतः". मुळेबाईंना त्याचा फार राग आला होता. मला नाही आला. मुंबईला अर्धवट मान्य करायचं होतं, तर करू देत. खोडा मात्र आख्खा आला, चारही खांबांसकट, आणि आरतीही जागेवर राहिली.