फाटकवाल्या बाईंचा चढ

फाटकवाल्या बाई म्हणूनच सगळे त्यांना ओळखत. रेल्वेच्या फाटकावर एकतीस वर्षं नोकरी. गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, गेली की उघडायचं. अख्खं जग त्यांच्या डोळ्यांसमोरून धावत गेलं, बाईंना मात्र केबिन सोडून शंभर पावलं जायची सोय नव्हती. निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, रोज चाला. नुसत्या चालण्याने बाईंचं समाधान होईना, म्हणून त्या पळायला लागल्या. लोक हसले, हसून हसून कंटाळले. बाई पळतच राहिल्या.

दोन महिन्यांसाठी परदेशात लेकीकडे निघाल्या तेव्हा सामानात सगळ्यात आधी बूट गेले. लेकीच्या घरामागूनच शेतांतली पायवाट सुरू व्हायची. आधी कापलेला गहू, मग मका, मग गाईंची कुरणं आणि शेवटी टेकडीचा चढ. वाट सगळ्यांना खुली, मधली फाटकं तेवढी आपली आपण उघडायची. आठ किलोमीटरचा फेरा. जावई तो हसत-खेळत पुरा करायचा. बाईंचं घोडं दर वेळी चढावर अडायचं.

"आई, चढ चालत चढा ना. कोण बघतंय?" जावई एकदा म्हणाला.

"मी बघतेय," बाई म्हणाल्या.

आज शेवटची सकाळ होती. संध्याकाळचं विमान. लेकीने बजावलं होतं, "नऊच्या आत घरी ये. बॅगा तशाच पडल्यात."

कुरणाचं फाटक आज सताड उघडं होतं. उघडं फाटक दिसलं की बाईंचे हात शिवशिवायचे. त्यांनी ते लावलं, कडी घातली, न दिसणाऱ्या मालकाला दोन शब्द सुनावले आणि चढाला लागल्या. पावलं बारीक, मान खाली. "थांबलीस तर याद राख," त्यांनी स्वतःलाच दम दिला. मांड्या भरून आल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण पाय थांबले नाहीत. माथ्यावर पोचल्यावर त्यांना आनंदाने रडूच आलं.

डोळे पुसून त्यांनी खाली पाहिलं. पंधरा-वीस गाई फाटकाला तोंडं लावून उभ्या होत्या. पाण्याची टाकी फाटकाच्या अलीकडे, गाई पलीकडे. जनावरांना पाण्यावर येता यावं म्हणून मालकाने ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं. ऊन चढत होतं आणि मालक संध्याकाळशिवाय फिरकत नसे.

"घातलास ना घोळ, शहाणे!" बाई पुटपुटल्या. पुढे घरापर्यंत नुसता उतार होता. गेल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. त्या मागे वळल्या आणि आल्या वाटेने खाली पळाल्या.

कडी काढताच गाई त्यांना ढकलत पाण्याकडे गेल्या. फाटकापासून घराकडे सपाट, जवळची वाटही जात होती. बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. घड्याळात नऊला दहा मिनिटं कमी होती. त्यांनी चुन्नी कमरेला घट्ट बांधली आणि पुन्हा चढाला लागल्या. या वेळी वेग असा, की एखादं म्हातारं माणूसही चालत त्यांच्या पुढे गेलं असतं. पण बाई पळत होत्या.

लेक दारात कमरेवर हात ठेवून उभी. "साडेनऊ वाजले, आई! अडलीस ना परत चढावर? जाऊ दे गं, पुढच्या वर्षी होईल."

बाईंनी पायरीवर बसकण मारली. बोलण्याएवढा श्वास यायला बराच वेळ लागला.

"पुढच्या वर्षी कशाला?" त्या म्हणाल्या. "दोनदा चढले."