बॉनेट उघडायचं नाही

बाबांच्या टॅक्सीच्या सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं, पूजेचा हारही पुरता सुकला नव्हता, आणि ती भायखळ्याच्या पुलावर बंद पडली. जुनी गाडी बंद पडते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ही आदल्याच आठवड्यात शोरूममधून आली होती. बाबा विचारायला गेले तर शोरूमवाला हसून म्हणाला, "नवं इंजिन आहे काका, बसायला वेळ लागतो." माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गाडी घ्यायची आणि ती चालत नाही म्हणून वर दुसऱ्याचं हसणंही ऐकून घ्यायचं!

संपाआधी बाबा लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, जॉबर होते. साचे, म्हणजे माग, चालू ठेवणं हे जॉबरचं काम. साचा थांबला की विणकराची मजुरी थांबायची, म्हणून आधी हात घालायचा, कुणाचं चुकलं ते मागाहून बघायचं. संप झाला, गिरणी गेली, बरीच वर्षं दुसऱ्याची टॅक्सी चालवण्यात गेली. हातांची सवय मात्र जागची हलली नाही. ही गाडी ऊन चढलं की बंद पडायची. बाबा खाली उतरायचे, बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचे, पेट्रोलची नळी काढून फुंकायचे आणि पुन्हा निघायचे. घरी येऊन आईला सांगायचे, "आज पण रुसली होती. समजूत काढली." आई म्हणायची, "माझी कधी काढली नाय ती."

मी तेव्हा दादरला ग्राहकांसाठी काम करणाऱ्या पोरापोरींच्या गटात होते. पत्रकं लिहायची, सायक्लोस्टाइल करायची आणि बाजारात वाटायची. 'पावती मागा! तक्रार लेखी द्या! गप्प बसू नका!' प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह, बोलण्यातसुद्धा. एका रात्री जेवताना मी बाबांना विचारलं, "गाडी वर्कशॉपला कितीदा नेलीत?"

"कित्याक? मीच करतंय की."

माझा घास हातातच राहिला. म्हणजे कंपनीच्या दफ्तरी ही गाडी कधी बंद पडलीच नव्हती. कागदावर आमची गाडी मुंबईतली सगळ्यात गुणी गाडी होती.

मी बाबांना कायदा समजावला. वॉरंटीत गाडी बिघडली तर दुरुस्तीची पहिली संधी कंपनीला द्यावी लागते. त्यांनी दुरुस्त करूनही तोच दोष पुन्हापुन्हा उलटला, तर गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात. ती मेहरबानी नाही, आपला हक्क आहे. पण दोष त्यांच्या जॉबकार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या नोंदीत, चढला पाहिजे. आपण परस्पर गाडी चालू केली की पुरावा आपल्याच हातांनी पुसला. "तेव्हा बाबा, आजपासून बॉनेट उघडायचं नाही. गाडी बंद पडली की हातांचा संप."

"एक संप अजून मिटाक नाय," बाबा म्हणाले, "आणि तू माका दुसरो करूक सांगतंस?"

आई हसून हसून भिंतीला टेकली. मला हसू आलं नाही. आमचं घर या चार चाकांवर होतं आणि बाबांना विनोद सुचत होते.

बाबा ऐकतील याची खात्री नव्हती, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी पुढच्या सीटवर पहाऱ्याला बसू लागले. असंच एकदा भाऊच्या धक्क्यावरून एक कोळीण टोपली घेऊन चढली. दादरच्या मासळी बाजारात जायचं होतं. माशांची टोपली म्हटली की बरेच टॅक्सीवाले मान फिरवतात, बाबा कधी फिरवत नसत. भायखळ्याच्या भाजी बाजारापाशी गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. रणरणतं ऊन. बाबांचा हात दाराकडे गेला. मी त्यांच्याकडे पाहिलं. हात परत मांडीवर आला.

"काय झालं?" कोळीण.

"बंद पडली."

"मग उतर ना! झाकण उघड!"

"उघडायचं नाही," मी म्हणाले. "कंपनीची जबाबदारी आहे. वॉरंटी आहे."

"अगो बाई, वारंटी हाय ती गाडीला. माझ्या सुरमईला हाय का?" ती बाबांकडे वळली. "आणि भाऊ, तू काय पुतळा हायस? पोरीला घाबरतोस?"

"घाबरतंय," बाबा म्हणाले. ते दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले होते. साठीकडे झुकलेला माणूस, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. इंजिन तापून टकटक वाजत होतं आणि प्रत्येक टकटकीला त्यांचा खांदा हलत होता. मी हट्ट सोडला नाही. शेवटी बाबांनी दुसरी टॅक्सी थांबवली, टोपली स्वतः उचलून ठेवली आणि भाडं घेतलं नाही. जाता जाता कोळीण मला म्हणाली, "तुझा कायदा बर्फात ठेव हां, नायतर नासंल." मी बूथवरून वर्कशॉपला फोन केला. गाडी ओढून नेली. जॉबकार्डावर लिहिलं गेलं: गरम झाल्यावर बंद पडते.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. दरवेळी ते 'ठीक केली' म्हणून परत द्यायचे आणि दोन-चार दिवसांत ओढून न्यायचे. मग आम्ही ग्राहक मंचात तक्रार केली.

कंपनीच्या वकिलाने आधी नवाच मुद्दा काढला. म्हणे टॅक्सी हा व्यापार आहे, तेव्हा हे गृहस्थ ग्राहकच नव्हेत. मी ताडकन उठले. वस्तू घेऊन माणूस स्वतः राबतो, त्यावर स्वतःचं पोट भरतो, तो ग्राहकच. यांच्या काय वीस टॅक्सी आहेत? मंचाच्या बाई म्हणाल्या, "मुद्दा कळला. बसा. आणि सावकाश."

मग वकील बाबांकडे वळला. "आपण स्वतः गाडीचं बॉनेट उघडून इंजिनात हात घातला होता का?"

हा प्रश्न येणार हे आम्हाला ठाऊक होतं. आदल्या रात्री मी बाबांना म्हटलं होतं की, विचारतील तेवढंच बोला, गाडी बंद पडते एवढंच सांगा. त्यावर ते एवढंच म्हणाले होते, "मी खोटा बोलूचंय नाय."

"होय साहेब," बाबा म्हणाले. "पहिल्या महिन्यात रोज उघडलं. नळी काढली, फुंकली, परत लावली. पॅसेंजर उन्हात बसलेलं बघवत नाही. मुलीने मनाई केली तेव्हा बंद केलं."

वकील खाली बसला, खूश होऊन. मी बाबांकडे बघितलंसुद्धा नाही. गेलं सगळं, असं वाटलं.

निकाल हातात आला तेव्हा मी तो जिन्यातच उभ्याने वाचला. मंचाने लिहिलं होतं की नळी फुंकल्याने असा दोष निर्माण होतो हे कंपनीने दाखवलेलं नाही. त्यानंतर गाडी वारंवार कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये गेली आणि तोच दोष घेऊन परतली. तक्रारदाराने स्वतःहून सगळं सांगितलं, त्यामुळे त्याच्या बाकीच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. गाडी बदलून द्यावी.

गाडी परत द्यायला आम्ही दोघं वर्कशॉपला गेलो. मी ताठ मानेने, पिशवीत निकालाच्या तीन प्रती घेऊन. नवी गाडी बाहेर उभी होती, कागद झाले होते, चावी बाबांच्या हातात होती. आणि बाबा कुठे? आत. जुन्या गाडीपाशी. बॉनेट उघडून मेकॅनिकला दाखवत होते: हिला सावलीत लाव, ही नळी इंजिनाच्या फार जवळून नेलीय, बघ, तापते ती इथेच तापते.

"बाबा! ती आता त्यांची आहे! त्यांना निस्तरू द्या!"

"हो गो," म्हणत त्यांनी फडक्याला हात पुसले. बॉनेट हळूच खाली आणलं, वर तळहात ठेवून दाबलं आणि बाहेर आले. नव्या गाडीत बसून चावी फिरवली. इंजिन लागलं. बाबा कान देऊन ऐकत राहिले, बराच वेळ. मग मान हलवली.

"चल, बस. उशीर झालो."